नाव न घेता

ओन्यासे गावात भोंग्यावरून जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम अम्पोफो मास्तरांनी स्वतःच घातला होता आणि बावीस वर्षं पाळला होता. मेलेल्याचं नाव घ्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण जिवंत माणसाला उद्या त्याच रस्त्यानं बाजारात जायचं असतं.

पहाटे पाचला मास्तर चौकातल्या पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढत आणि माईकवर दोनदा फुंकर मारत. खांबावरचे चार भोंगे चार दिशांना खाकरत. मग बातम्या सुरू होत. "नदीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची शेळी काल दुसऱ्या एका गृहस्थांच्या कसाव्याच्या शेतात शिरली. शेळीवाल्यांनी दोर आखूड करावा. कसावावाल्यांनी शेळी डांबून ठेवली आहे, ती सोडावी." किंवा, "चर्चमध्ये बायकांच्या बाकाखाली दातांची कवळी सापडली आहे. जिची असेल तिला ठाऊक असेलच. तिनं पाद्रीबाबांच्या घरी मागच्या दारानं जावं." नाव नाही, गाव नाही. मात्र त्या दिवशी पाद्रीबाबांच्या मागच्या दारी सकाळपासून पाच बायका मीठ उसनं मागायला येऊन गेल्या होत्या आणि कवळीवाली बिचारी आठ दिवस पेज पिऊन राहिली होती.

तेव्हा नाव न घेण्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं असतं तर मास्तरांकडे उत्तर होतं. लोकांना कळतं ते कळतंच, पण आपल्या तोंडून गेलेलं नसतं. एवढ्या आधारावर माणूस चौकात मान वर करून उभा राहू शकतो, असं त्यांना वाटे. इतक्या वर्षांत त्यांनी नाव न घेता भांडणं मिटवली होती, लग्नं जुळवली होती आणि दोन सावत्र भावांना एका छपराखाली आणलं होतं. आता ते दमले होते. सहासष्टाव्या वर्षी माणूस कामानं दमत नाही, माणसांनी दमतो. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारी, कुठे निघालात, कुठून आलात, पिशवीत काय आहे. आणि उत्तर देताना मास्तरांना दिसत असे की त्याला ते आधीच माहीत आहे.

त्यांच्या बायकोचं, दुफियेचं, बाजाराच्या तोंडाशी केंकीचं दुकान होतं. आंबवलेल्या मक्याचे, पानात बांधून उकडलेले गोळे, तळलेला मासा, आणि दोन वाडग्यांत दोन चटण्या, एक लाल, एक हिरवी. गावात दोन्ही चटण्या ठेवणारी ती एकटीच. पावसाळा सरता सरता मास्तरांच्या लक्षात आलं की कोणी हिरवी मागितली की दुफिये वाडगा उचलून नाकाशी नेते. झटकन, कपाळावरची माशी हाकलावी तशी. मग एकदा ती घरच्या उंबऱ्याला अडखळली, चाळीस वर्षं ओलांडलेल्या उंबऱ्याला.

"डोळे दाखवून ये," मास्तर म्हणाले.

"डोळे ठीक आहेत. तुमचा उंबरा वाढलाय."

त्यांनी तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा तिनं पातेली आपटली. आणि मग तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी आली की गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, भोंग्यावरून सांगावं.

मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखवली. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांना वाटलं, ती आपल्या पडवीत केंकी बांधत बसली असेल, ऐकत असेल, तिच्यापुरतं एक वाक्य टाकू. म्हणून ते पुढे म्हणाले, "काही माणसं दुखणं अंगावर काढतात. एखाद्या बाईला हिरवी चटणी कोणती आणि लाल कोणती हे हुंगून ओळखावं लागत असेल, तर तिनं लाजू नये. गुरुवारी जरूर जावं."

आणि माईक बंद करून ते समाधानानं घरी आले. आपण मोघम बोललो, अशी त्यांची खरोखर खात्री होती. गावातल्या प्रत्येकाचं पांघरूण आरपार दिसतं हे ज्याला बावीस वर्षं ठाऊक, त्याला आपल्या घरावरचं पांघरूण तेवढं जाड वाटलं. याला काय म्हणावं?

आठ वाजेपर्यंत दुफियेच्या दुकानापुढे रांग लागली. कोणाला केंकी नको होती. शिंपीणबाई बिरागोनं तिच्या हातातून पळी काढून घेतली. "राहू दे मामे, मी वाढते." मामे म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच म्हणे. कोणी तिचा दंड धरून तिला सावलीत बसवलं. कोणी वाडग्यांवर बोट ठेवून मोठ्यानं सांगितलं, "ही लाल हं, मामे. ही हिरवी." डोळ्यांबरोबर तिचे कानही गेल्यासारखे सगळे ओरडून बोलत होते. दुपारी कुमासीहून थोरल्या मुलाचा फोन आला की आईला दिसेनासं झालं म्हणे, आणि तुम्ही आम्हाला कळवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी दुफिये पातेली घेऊन घरी आली. चार जणांनी तिला दारापर्यंत पोचवलं होतं.

"हे गावाला सांगायचं होतं का?" तिनं विचारलं. "मी तर तुम्हालाही सांगितलं नव्हतं."

"मी नाव घेतलं नाही, दुफिये."

 दुसऱ्या दिवशी एका गाठोड्यात कपडे बांधून ती पहिल्या गाडीनं तेचिमानला, बहिणीकडे, निघून गेली.

मग सुरू झाले ते तीन आठवडे. या गावात नमस्काराच्या पाठोपाठ घरची मंडळी कशी आहेत हे विचारलंच पाहिजे आणि बरी आहेत हे सांगितलंच पाहिजे. मास्तर चौकात जायचे तोवर अकरा जण विचारायचे.

"घरची मंडळी बरी?"

"बरी आहेत."

घरची मंडळी घरात नाहीत, हे विचारणाऱ्याला माहीत. त्याला माहीत आहे, हे मास्तरांना माहीत. कोणी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण लोक मायेनं वागत होते, आणि ती माया मास्तरांना सोसवत नव्हती. रोज कोणीतरी झाकलेलं ताट पाठवत होतं. ताटात पाहून मास्तर ओळखायचे की कोणत्या घरी आज काय शिजलंय आणि कोणत्या घरी त्यांच्या संसाराची चर्चा झालीय. एकट्यानं जेवताना त्यांना कळून चुकलं की या म्हातारपणी दुफियेशिवाय आपल्याला जमणार नाही. जमत नव्हतंच.

त्यांनी चर्चचे वडीलधारे बोआदी यांना गाठलं. रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं एकट्यानं जायचं नसतं. मध्यस्थ लागतो, आणि श्नॅप्स दारूची एक बाटली.

"कोणाला बोलू नका," मास्तर म्हणाले.

"छे, छे," बोआदी म्हणाले.

शनिवारी सकाळी त्रोत्रो गाडीत ते चढले तर ड्रायव्हर ताविया म्हणाला, "मास्तर, तुमच्यासाठी पुढची सीट ठेवलीय. येताना मामेला तिथेच बसवू, धक्के कमी लागतात." मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "बाटली कोणती घेतलीत? गेल्या खेपेला माझ्या दिरानं हलकी नेली होती, त्याचा सासरा अजून बोलून दाखवतो." मास्तरांनी बाटली मांडीवर आडवी धरली आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

तेचिमानला मेहुणी पोकुआच्या पडवीत चौघं समोरासमोर बसली. पाणी दिलं, विचारपूस झाली, बाटली ठेवली. दुफिये मास्तरांपासून दोन हातांवर होती, पण अशा वेळी सरळ बोलायचं नसतं. ती बोआदींकडे तोंड करून बोलली.

"तुमच्या मास्तरांना सांगा, की मी डॉक्टरकडे जाऊन आले."

"मास्तर, त्या म्हणतात, जाऊन आले."

"ऐकू आलं मला," मास्तर म्हणाले. "काय म्हणाले डॉक्टर, ते विचारा."

"काचबिंदू आहे म्हणाले. डावा गेला. तो काही येणार नाही. उजव्यात रोज थेंब घातले तर काही वर्षं टिकेल." हे मात्र ती बोआदींना न सांगता नुसती समोर बोलली. मग पुन्हा त्यांच्याकडे वळली. "आणि त्यांना सांगा, की इथे बरं आहे. परवा बाजारात मी एका हमालाला धडकले. तो म्हणाला, म्हातारे, डोळे फुटलेत का? मला इतकं बरं वाटलं. त्याला काही माहीत नव्हतं."

बोआदींनी हे पोचवायचा प्रयत्न केला, पण मध्येच सोडून दिलं.

"परत यायला काय करावं लागेल, विचारा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला, आणि तो लपवण्यासाठी ते उगाच खोकले.

दुफियेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जसं सांगितलंत तसंच पुसून टाका. भोंग्यावरून सांगा, माझे डोळे चांगले आहेत."

"ते खोटं होईल."

"खरं सांगून काय झालं ते पाहिलं मी."

बावीस वर्षांत मास्तरांनी भोंग्यावरून बरंच काही गाळलं होतं, पण जे नाही ते आहे म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी पायांपुढच्या फरशीकडे पाहिलं, रिकाम्या घरातलं झाकलेलं ताट आठवलं, आणि हो म्हणाले.

सोमवारी पहाटे चार भोंग्यांनी सांगितलं, "गेल्या महिन्यात एका चटणीबद्दल गैरसमज पसरला. संबंधित बाईंची नजर उत्तम आहे. त्यांना कोणी धरू नये, वाढून देऊ नये, ओरडून बोलू नये. ज्यानं हा गैरसमज पसरवला तो दिलगीर आहे." खोटं बोलताना आपला आवाज नेहमीपेक्षा गोड लागतो, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं.

गावानं ते ऐकलं आणि गावाला सगळं समजलं. मामेचे डोळे चांगले आहेत, असं ठरलंय. ओन्यासेची माणसं एकदा ठरलं की मागे हटत नाहीत. परतलेल्या दुफियेच्या हातून दुकानात आता कोणी पळी काढून घेईना, पण बिरागो नवा झगा घालून समोर उभी राही. "मामे, बघ तरी, हा पिवळा मला शोभतो की मागचा निळा शोभत होता?" आणि दुफिये अंदाजानं म्हणे, पिवळाच बरा. ताविया गाडी थांबवून विचारी, "नवा रंग पाहिलास का? कसा दिसतो?" लोक लांबूनच तिला हात हलवत आणि मुद्दाम काही बोलत नसत, म्हणजे तिचा मान राहावा. दिवसभरात वीस वेळा तिला काहीतरी दाखवलं जाई. संध्याकाळी ती दिवाणावर आडवी होई आणि म्हणे, "यापेक्षा दंड धरत होते ते सोपं होतं."

मास्तर तिच्या उजव्या डोळ्यात थेंब घालत. एवढ्याच वेळी ती चेहरा त्यांच्याकडे करी. बाकी ती घरात होती, जेवण करत होती, पण त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. परत आणली, पण परत आली नाही, हे मास्तरांना थेंबाच्या बाटलीवरचं झाकण लावताना रोज जाणवे.

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. गावप्रमुखाच्या वाड्याच्या कोपऱ्यावर अब्राफी आजी बसतात. वय शहाऐंशी, प्रमुखाची आत्या, आणि गावातल्या रीतीभातीचं शेवटचं कोर्ट. इथली रीत अशी की बसलेल्या माणसाला चालणाऱ्यानं आधी नमस्कार घालायचा. तान्ह्या पोराला हे आधी शिकवतात, मग चालायला. दुफिये त्या कोपऱ्यावरून गेली आणि काही न बोलता गेली. आजी तिच्या डाव्या हाताला, चार पावलांवर होत्या. पूर्वी आजींनीच हाक मारली असती. पण मामेला दिसतं, असं ठरलं होतं ना. आजी मान ताठ करून वाट पाहत राहिल्या. बाजारातून परतताना पुन्हा तसंच झालं.

दुपारी बोआदी घरी आले. ते दारातच उभे राहिले.

"आजी विचारतायत," ते म्हणाले, "मामेला दिसत असेल तर ती बोलली का नाही. आणि दिसत नसेल तर भोंगा काय सांगतो."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात आतून दुफिये आली. तिचा चेहरा उतरला होता.

"कोण होतं तिथे?" तिनं विचारलं. "आजी होत्या?"

"दोन्ही वेळा," बोआदी म्हणाले.

ती भिंतीला टेकून खाली बसली. चाळीस वर्षांत या गावात तिच्याबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नव्हतं, की ती नमस्कार न घालता माणूस ओलांडून गेली. तिची आई हेच सांगत मेली होती, की चूल नसली तरी चालेल, तोंडात नमस्कार असू दे. तिला रडू आलं आणि तिनं ते दोघांसमोर येऊ दिलं.

"आंधळी म्हटलं तर सहन करीन," ती म्हणाली. "पण उद्धट म्हणायला नको होतं."

"मी उद्या सांगतो," मास्तर म्हणाले. "नीट, मोघम शब्दांत..."

"तुम्ही काही सांगू नका."

दुसऱ्या पहाटे मास्तर निघाले तेव्हा ती दारात चपला घालून उभी होती. चौकापर्यंत ती कुंपणाला हात लावत, एकटी चालली. मास्तर दोन पावलं मागे. पत्र्याच्या खोलीत त्यांनी माईक चालू केला, दोनदा फुंकर मारली आणि सवयीनं तोंड उघडलं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. ते उठले आणि बाहेर येऊन खांबाखाली उभे राहिले. आजवर हा भोंगा त्यांनी बाहेरून कधी ऐकला नव्हता. तो फारच मोठा होता.

"मी दुफिये," भोंगा म्हणाला. "केंकीवाली. अम्पोफोची बायको."

कुठेतरी एक बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझा डावा डोळा गेलाय. उजवा जातोय. माझ्या नवऱ्यानं हे तुम्हाला आधीच सांगितलं, मला न विचारता, आणि नाव न घेता. नाव घेतलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं त्यांना वाटतं. मग मी त्यांच्याकडून खोटं वदवलं, तो दोष माझा. काल मी अब्राफी आजींच्या समोरून दोनदा गेले आणि बोलले नाही. आजी, तुम्ही मला दिसला नाहीत. मी पाया पडते." ती थांबली. भोंग्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. "आता ऐका. माझा हात धरू नका. मला रंग विचारू नका. बिरागो, तुझा पिवळा झगा मी पाहिलेला नाही. एवढंच करा, मी चालत असेन आणि तुम्ही बसलेले असाल, तर रीत मोडा. तुम्हीच आधी बोला. नाव सांगून बोला. मग मी माझा नमस्कार देईन. केंकी नेहमीच्या वेळेला मिळेल."

माईक कसा बंद करायचा ते तिला माहीत नव्हतं. खुर्ची सरकल्याचा, चपलेचा, भांडं पडल्याचा आवाज चारी दिशांना गेला. मास्तर आत जाऊन बटण दाबून आले. तिच्याकडे पाहायची त्यांना लाज वाटत होती.

परतीच्या रस्त्याला एव्हाना उजाडलं होतं. पडव्यांमधून माणसं बसलेली होती, चुली पेटल्या होत्या. पहिल्या घरापाशी काहीच झालं नाही. दुसऱ्यापाशीही नाही. दुफियेचे खांदे आखडले. रीत मोडणं एवढं सोपं नसतं, बसलेल्या म्हाताऱ्या माणसांची जीभ उचलत नव्हती. मग डाव्या बाजूनं एक खरखरीत आवाज आला, कोपऱ्यावरून.

"मी अब्राफी. बसलेय इथे."

दुफिये थांबली, आवाजाकडे वळली आणि गुडघ्यात वाकली. "नमस्कार, आजी."

"जा आता. उशीर झालाय तुला."

त्यानंतर मात्र रस्ताभर सुरू झालं. मी बिरागो, मशीनपाशी. मी ताविया, गाडी धुतोय. मी अजो, कवळीवाली. मी बोआदी, मामे, दात घासतोय. बावीस वर्षं ज्या गावानं एकमेकांची नावं ओठांआड ठेवली होती, ते गाव एकेक करून आपलं नाव सांगत होतं, आणि दुफिये प्रत्येकाला त्याच्या नावानं नमस्कार देत चालली होती. मास्तर तिच्या बाजूनं चालत होते. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि ते त्यांना बरं वाटत होतं.

घराच्या वळणावर ती थांबली.

"चौकापासून माझ्या बाजूनं कोणीतरी चालतंय," ती म्हणाली. "त्यानं अजून नाव सांगितलेलं नाही."

 हजारो वेळा पहाटे मास्तरांनी काय काय सांगितलं होतं, पण हे कधी सांगावं लागलं नव्हतं.

"मी अम्पोफो," ते म्हणाले. "चुकलो मी, दुफिये."

 मग तिनं त्यांच्या दिशेनं हात पुढे केला, थोडा चुकीच्या बाजूला. मास्तरांनी तो ओढून घेतला नाही. ते एक पाऊल सरकले आणि जिथे हात होता तिथे जाऊन उभे राहिले.